हिरवा पंख आणि वाहता ओढा

ओढ्याच्या मधोमध, ओल्या खडकावर बसलेली ही काळपट, सडपातळ टाचणी, म्हणजे चतुराच्या जातकुळीतला नाजूक कीटक, सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण पाठीवर मिटलेल्या पंखांची तपकिरी बाजूच तेवढी बाहेर असते. आता उन्हाची तिरीप आली आहे, पंख क्षणभर उघडले आहेत, आणि मागच्या जोडीवर धातूसारखा हिरवा रंग झळाळून उठला आहे.

हा न्यूरोबेसिस चायनेन्सिस या टाचणीचा नर. इंग्रजीत तिला ‘स्ट्रीम ग्लोरी’ म्हणतात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तिला चीनचे नाव जोडले असले, तरी सह्याद्रीच्या ओढ्यांना ती परकी नाही. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत तिचा वावर आहे.

या पंखात हिरवे रंगद्रव्य मुळीच नाही. कायटिन (कीटकांच्या कवचातला कठीण पदार्थ) आणि मेलॅनिन (गडद रंगद्रव्य) यांचे अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असून, त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून हा रंग उमटतो. मादीसमोर प्रणयाराधन करताना नर हे मागचे पंख हलवायचेच थांबवतो आणि ते पसरून धरत केवळ पुढच्या पारदर्शक पंखांवर उडतो. चार पंखांपैकी दोन निव्वळ मिरवण्यासाठी राखून ठेवणे ही चैनच म्हणायची!

मादीचे पंख पिवळसर तपकिरी, त्यांवर पांढरे ठिपके. मिलनानंतर ती पाण्यातल्या वनस्पतींना बारीक चिरा पाडून आत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली अळी पाण्यातच वाढते, शेपटीकडच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेते आणि डोक्याखाली दुमडून ठेवलेला ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडते. खळाळत्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो, आणि काठावरून पाण्यात लोंबणाऱ्या मुळ्यांमध्ये तिला प्रवाहापासून आडोसा मिळतो. म्हणूनच ओढ्याचे ‘सुशोभीकरण’ म्हणून दोन्ही काठ तासून सिमेंटच्या भिंती उभारल्या जातात, तेव्हा पाणी वाहते राहिले तरी अळीचे घर मात्र उरत नाही.

येथे काठ अजून मातीचा आहे. पाण्यापासून वीतभर उंचीवर, गवताच्या काडीला घट्ट धरून अळीची एक कोरडी कात लटकते आहे. तिची पाठ उभी फाटलेली आहे, आणि आत कुणीही नाही.