रोज सकाळी ऐकू येणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

स्वयंपाकघरातला रेडिओ आठवतोय ना? फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला. सकाळी कुणीतरी बटण फिरवायचं आणि घर जागं व्हायचं. गाणं कुणाचं, हे बरेचदा कुणी विचारत नसे. चहा उकळायचा, गाणं संपायचं, दिवस सुरू.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात साठच्या दशकात असंच होत होतं. देश नवा होता. २२ सप्टेंबर १९६० ला फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला. आणि सकाळी रेडिओवर एका तरुणाचा आवाज यायचा. गिटार त्याची, गाणं त्याचं, शब्दही त्याचे. 'मालीच्या मुलांनो, परत या, आपला देश उभा करूया' अशी त्या गाण्यातली हाक. गाण्याचं नाव 'माली ट्विस्ट'. तेव्हा राजधानी बामाकोत पोरं क्लबांत जमून ट्विस्ट नाचत होती. मालिक सिदिबे या छायाचित्रकाराने काढलेले त्या रात्रींचे कृष्णधवल फोटो आजही जगभर बघितले जातात. त्या पिढीचा हा गायक. बुबाकार त्राओरे. नाव लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे. बुबाकार त्राओरे.

जन्म १९४२, गाव कायेस. सेनेगल नदीकाठचं, अंगाची लाही करणाऱ्या उन्हाचं. पोरगा फुटबॉल छान खेळायचा, चेंडू पायातून सोडायचाच नाही. बघणारे त्यांच्या बाम्बारा भाषेत 'कारी कारी' ओरडायचे, म्हणजे 'तोड, तोड'. त्यावरून टोपणनाव पडलं कार कार. ते आजतागायत चिकटलेलं आहे.

गिटार त्याला कुणी शिकवली नाही. थोरला भाऊ संगीतकार, क्यूबात जाऊन शिकून आलेला. त्याची गिटार घरात असायची, ती हा हाताळायचा. पण कानात होता कोरा. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं एकवीस तारांचं वाद्य. ते वाजवताना एकाच वेळी खालचा ठेका चालतो आणि वर सुरावट. कार कारने तेच सहा तारांवर आणलं. अंगठा खर्जात चालत राहतो, न थकणाऱ्या बैलासारखा, आणि बोट वर गात असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. माणूस एकच.

आणि मालीत गाणं हा पिढीजात गाणाऱ्या घराण्यांचा धंदा, त्यांना ग्रियो म्हणतात. हा त्या घराण्यातला नव्हे. आपल्या मनाने गायला लागला.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. हे सांगायलाच मी आज बसलोय.

रेडिओवर रोज गाणं वाजत होतं, सबंध देशाला तोंडपाठ होतं. पण त्या गाण्याची तबकडी तेव्हा निघाली नाही. रेडिओच्या ध्वनिफिती रेडिओतच राहिल्या. तबकडी नाही म्हणजे विक्री नाही, विक्री नाही म्हणजे पैसा नाही. देशभर आवाज आणि हातात काही नाही. मग पोटासाठी शिंपीकाम, दुकानात विक्री, शेती. कपडा बेतणाऱ्या त्याच बोटांनी गिटार वाजायची.

इथे मला एक बोलू द्या. गाण्याआधी गायकाचं नाव सांगितलंच पाहिजे. वेळ नसेल तर गाणं दहा सेकंद कमी वाजवा, पण नाव सांगा. आणि शाल-श्रीफळ देऊन पाकीट विसरणारे संयोजक मी फार पाहिले आहेत. श्रीफळाची चटणी होते, तिच्यावर महिना निघत नाही.

असो. नोव्हेंबर १९६८ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. आधीचे राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता कैदेत गेले. त्यांच्या काळातली, नव्या देशाच्या उमेदीची गाणी रेडिओवरून उतरली. कार कारचा आवाजही उतरला. तो कायेसला होता. संसार, मुलंबाळं, काम. एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली. रोज सकाळी येणारा आवाज येईना, तेव्हा लोकांनी काय धरून चालावं? की माणूस गेला. बुबाकार त्राओरे वारला, असं लोक समजून बसले. आणि तो आपला जिवंत, त्याच देशात, रेल्वेने बामाकोला जोडलेल्या गावात.

आणि १९८७ साली मालीच्या दूरचित्रवाणीवर तो दिसला. समोर गिटार, तोच अंगठा, तोच आवाज, फक्त वयाने भरलेला. डोळ्यांसमोर आणा. ज्याला पंधरा-वीस वर्षांपूर्वी मनातल्या मनात पोहोचवून आलो, तो पडद्यावर बसून गातोय! ज्या बाईने लहानपणी त्याच्या गाण्यावर शाळेची तयारी केली, तिची आता स्वतःची मुलं शाळेत. मला ह्या गोष्टीचा आनंद होतो आणि तितकंच वाईट वाटतं. तो हरवला नव्हता, श्रोतेहो. त्याला कुणी शोधलं नव्हतं.

आनंद टिकला नाही. थोड्याच काळात बायको पिएरेत बाळंतपणात गेली. तो कोसळला. मुलांना पोसायचं म्हणून फ्रान्सला गेला आणि तिथे बांधकामावर मजुरी केली, स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहात राहिला. कायेसकडचे कितीतरी पुरुष याच वाटेने पॅरिसला गेलेले आहेत. 'परत या' म्हणून ज्याने हाक दिली, त्यालाच देश सोडावा लागला.

तिथेच एका ब्रिटिश निर्मात्याने त्याला गाठलं. ध्वनिफितीवर त्याचं गाणं ऐकून तो माणूस शोधत आला होता. १९९० साली 'मारियामा' हा अल्बम निघाला. पहिलावहिला! गायकाचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. पुढे युरोप, अमेरिका, अनेक अल्बम, त्यातल्या एकाचं नाव 'पिएरेतची मुलं'. त्याच्यावर माहितीपटही झाला. त्यात मालीतल्याच नियाफुंके गावचे नामवंत गिटारवादक अली फार्का तुरे त्याच्याबरोबर वाजवताना दिसतात.

मी त्याचं गाणं पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा आई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. तिचा हात थांबला. म्हणाली, "कुणीतरी गेलंय रे ह्याचं. पण आवाज चढवत नाही बघ." पिएरेतचं मी तिला तोवर काहीही सांगितलं नव्हतं.

आता ऐकूया. सुरुवातीला नुसता अंगठा ऐका, खालच्या तारांवरचा. मग बोट येईल. मग आवाज.

गायक, गीतकार आणि गिटार : बुबाकार त्राओरे. गाव कायेस, देश माली.