समासातल्या नोंदी

श्रोतेहो, नमस्कार. मी वसईतल्या एका चर्चचा प्रमुख धर्मगुरू आहे. धर्मगुरूला रेडिओवर बोलावले की तो श्रद्धेवर बोलणार हे श्रोत्यांनी गृहीत धरलेले असते, आणि तो उपदेश करणार अशी धास्तीही त्यांना वाटत असते. वेदीवरून बोलण्याची माझी सवय तीस वर्षांची असल्यामुळे ती धास्ती अगदीच निराधार नाही. म्हणून आज मी वेदी सोडून चर्चशेजारच्या कार्यालयात बसतो आणि तिथल्या लोखंडी कपाटातल्या एका वहीविषयी तुमच्याशी बोलतो.

ती बाप्तिस्म्याची वही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, गेलात तरी अशी वही तुम्हाला सापडेल. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, पाणी ओतणाऱ्या धर्मगुरूची सही, असा तिचा साधा आराखडा असतो. आमच्याकडच्या जुन्या वह्यांची पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की ती उलटताना मी पंखा बंद करतो. त्यांत पेद्रू, इनास, पास्कोल, जुजे अशी नावे ओळीने भेटतात. अलीकडच्या वह्यांत सायली आणि अंकित आहेत, आणि आडनाव मात्र तेच तुस्कानो, तेच लोपीस. वसईच्या ख्रिस्ती माणसाचा चारशे वर्षांचा प्रवास समजून घ्यायला ही दोन पाने शेजारी ठेवली तरी पुष्कळ झाले.

परंतु मला या वहीत खरे कौतुक आहे ते समासाचे. प्रत्येक नोंदीशेजारी एक रुंद कोरी जागा ठेवलेली असते. पुढे त्या बाळाचा दृढीकरण संस्कार झाला, लग्न झाले, ते धर्मगुरू झाले किंवा व्रतस्थ झाले, तर ती गोष्ट जगात कुठेही घडलेली असो, तिची सूचना बाप्तिस्मा झालेल्या चर्चला पाठवली जाते आणि तिथला धर्मगुरू ती त्या समासात लिहितो. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, तसा नियमच आहे. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आलेल्या तरुणांना मी नवा दाखला देतो तेव्हा ते कुरकुरतात की घरी जुना आहे, लॅमिनेट केलेला आहे. त्यांना मी सांगतो की बाळा, जुन्या दाखल्यात तू जन्मलास एवढेच आहे, त्यानंतर तुझे काय झाले ते समासात पाहावे लागते.

धर्मग्रामातले माझे निम्मे आयुष्य या समासांतच गेले, असे आता वाटते. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, असताना आम्हाला वाटे की श्रद्धा म्हणजे पानाच्या मधला मजकूर: सिद्धांत, संस्कार, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. ते खरेच आहे आणि मी त्यावर जगतो. मात्र लोक मला भेटतात ते बहुतेक कडेला.

यातली एक चूक माझ्या पदरी आहे, ती सांगतो. आमच्या अंगणात चिंचेचे झाड आहे आणि रविवारच्या सकाळच्या मिस्सेला काही पुरुष आत न येता त्याच्याखाली उभे राहतात. नवा आलो होतो त्या वर्षी मी एका रविवारी प्रवचनात त्यांच्यावर घसरलो. तुम्ही मिस्सा ऐकायला येता की सावली खायला, असे काहीसे बोललो, आणि आतले लोक हसले याचे मला समाधानही वाटले. त्या आठवड्यात त्यांच्यापैकी एक जण मुलाच्या दाखल्यासाठी कार्यालयात आला. काम झाल्यावर दारात थांबून तो म्हणाला, "फादर, मी मध्यरात्रीनंतर फुले खुडतो, पहाटेच्या गाडीने दादरला टाकून येतो, आणि स्टेशनवरून सरळ इकडे. आत बाकावर बसलो की घोरायला लागतो. बायकोने दोनदा कोपर मारून उठवलं. उभा राहिलो की निदान जागा असतो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती. त्याची माफी मागायला मला तीन आठवडे लागले, आणि तीसुद्धा मी कार्यालयात मागितली. टोमणा वेदीवरून मारला होता. माफी तिथून मागण्याचे धैर्य झाले नाही.

फुलांचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे अधिक बोलतो. आमच्या वाड्यांतला सोनचाफा, मोगरा आणि तगर दादरच्या फुलबाजारात जाते आणि तिथून मुंबईभरच्या देवघरांत. गणपतीचे दिवस आणि आठ सप्टेंबरचा मारियामातेचा जन्मोत्सव पुष्कळदा मागेपुढे येतात. त्या काळात आमच्या नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, गर्दी कमी असली तरी मी कुणाला विचारत नाही, कारण माणसे कुठे असतात ते मला ठाऊक असते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी घरोघरच्या आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, नेऊन देतो. खिशात छोटी डबी असते आणि वाटेत बोलायचे नसते, हा जुना संकेत मी अजून पाळतो. त्या फेरीत एक मावशी आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे चर्चला येणे थांबले, पण ओटीवर बसून त्या सोनचाफ्याच्या पुड्या बांधतात, एका पुडीत दहा फुले. हात गुंतलेले असल्याने जपमाळ धरता येत नाही, म्हणून एका फुलाला एक 'नमो मारिया', पुडी बांधताना 'हे आमच्या स्वर्गीय बापा', आणि पाच पुड्या झाल्या की एक माळ पूर्ण, असा त्यांनी हिशेब बसवला आहे. माझ्याबरोबरच्या तरुण सहायक धर्मगुरूंनी एकदा शंका काढली की या प्रार्थनेत लक्ष कितपत लागत असेल. मी त्यांना म्हटले, मोजणी तर आपल्यापेक्षा पक्की आहे. प्रार्थना लागलेली ती फुले संध्याकाळपर्यंत कुठल्या देवापुढे असतील, हा प्रश्न मावशींना कधी पडलेला मी पाहिला नाही, आणि मीही तो त्यांच्यापुढे काढला नाही.

या मावशींचा धाकटा मुलगा परदेशात नोकरीला आहे. वसईच्या माणसाने समुद्र ओलांडणे नवे नाही; इथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला पोहोचले, पुढे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ झाले, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पावले आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाले. मावशींच्या मुलाची गोष्ट एवढी मोठी नाही. दर पहिल्या शुक्रवारी त्या मला एकच सांगत, "फादर, पोराचं लग्न जमू दे म्हणून मिस्सेत आठवण करा." आणि मी करीत असे.

एका सोमवारी टपालात तिकडच्या एका चर्चचे सूचनापत्र आले. मुलाने तिथे विधिपूर्वक लग्न केले होते; बाप्तिस्म्याचा दाखला त्याने माझ्या आधीच्या फादरांकडून मागवून घेतलेला होता. मी वही काढली, त्याची नोंद शोधली आणि समासात मुलीचे नाव, तारीख, गाव लिहिले. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवून बसून राहिलो. पापनिवेदनात ऐकलेले असते तर प्रश्नच नव्हता, तिथे माझे ओठ कायमचे बंद असतात. ही उघड कागदावरची गोष्ट होती, आणि तरीही ती आईला सांगणे माझे काम नव्हते. मी मुलाला फोन केला. रागावण्याचे ठरवले होते, पण तो आधीच रडू लागला. घरी पसंत पडणार नाही या भीतीने एकेक महिना पुढे ढकलत गेलो, असे त्याने सांगितले. मी म्हटले, पहिल्या शुक्रवारी मला तुझ्या घरी जायचे आहे, त्याआधी आईशी बोल.

शुक्रवारी ओटीवर फुलांची टोपली होतीच. प्रार्थना झाली, मावशींनी ख्रिस्तप्रसाद घेतला, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, फादर?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तीन आठवडे मी उगाच देवाच्या मागे लागले होते." त्या हसल्या की नाही ते मला नीट कळले नाही. टोपली जवळ ओढून त्यांनी विचारले, "वहीत तिचं नाव काय लिहिलंत? फोनवर तो सांगत होता, मला काही ते धरता येईना."

मी नाव सावकाश, तोडून तोडून सांगितले. त्यांनी फूल उचलले आणि पुडीत ठेवण्यापूर्वी ते दोनदा पुटपुटून पाहिले.