गाळणीत राहिलेला भाग

फळांच्या रसाच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कोलेस्टेरॉलमुक्त’. मला त्याचा मनापासून राग येतो. विधान खोटं नाही, राग येतो तो त्यामुळेच. वनस्पतीजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. पाण्याच्या बाटलीवर ‘यात हाडं नाहीत’ असं छापण्यासारखं आहे ते! हसलात, म्हणजे मुद्दा पोचला. रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः आपलं यकृतच तयार करतं. तेव्हा रसात काय नाही, यापेक्षा फळातून काय काढून टाकलं, हे विचारायला हवं. त्याचा हृदयाशी काय संबंध, हेही आज सांगायचं कबूल करतो.

यासाठी माझा आवडता प्रयोग सांगतो. १९७७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं दिली, एकदा त्यांचा लगदा, एकदा गाळलेला रस. कर्बोदकं तिन्ही वेळा सारखीच. रस अख्ख्या फळांच्या अकरापट वेगानं पिऊन होत होता! पोट सर्वांत जास्त भरलं फळांनी, सर्वांत कमी रसानं. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली, पण रसानंतर साखर उतरवणारं इन्सुलिन जास्त वाढलं आणि मग साखर घसरली ती सुरुवातीच्याही खाली. अख्ख्या फळानंतर तशी घसरण नाही. फळ तेच, साखर तेवढीच. फरक फक्त चोथ्याचा. चघळण्याला आपण फार कमी लेखतो, हे माझं जुनं म्हणणं आहे. दात हा पचनसंस्थेचाच भाग आहे, आणि ग्लासानं पिताना आपण त्याला सुट्टी देतो.

वेळ संपत आल्याची संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला हृदयाचा मुद्दा भराभर सांगतो. फळातलं पेक्टिन हा विरघळणारा तंतू (फायबर). तो आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं त्या चरबी पचवणाऱ्या आम्लांना, अडकवून बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतं, म्हणून ते उतरतं. गाळलेल्या रसात हा तंतू फारच थोडा उरतो.

दुसरं म्हणजे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रसातली साखर ‘मुक्त साखर’ धरली आहे, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटातली. ती रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. संत्र्याच्या रसाचा एक मोठा ग्लास जवळजवळ तिथवर नेतो. जास्तीच्या फ्रुक्टोजपासून, म्हणजे फळांतल्या एका साखरेपासून, यकृत चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. छोटा ग्लास कधीमधी घेतला तर घाबरू नका. पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व रसात असतंच.

शेवटचं, आणि हे गोळ्या घेणाऱ्यांनी नीट ऐकावं. ग्रेपफ्रूटचा रस, म्हणजे द्राक्षांचा नव्हे, त्या मोठ्या लिंबूवर्गीय फळाचा, आतड्यात औषध मोडणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतो. त्यामुळे सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध रक्तात फार वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. त्याच गटातल्या अटोर्व्हास्टॅटिनवरही परिणाम होतो, रोसुव्हास्टॅटिनवर फारसा नाही. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आता प्रश्न विचारा.