वीग्वास: ओजिब्वे कारागिरांची भूर्जसाल

सुपीरियर सरोवराभोवती, अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ओजिब्वे हे मूलनिवासी लोक राहतात. त्यांच्या भाषेत भूर्जवृक्ष आणि त्याची साल या दोहोंनाही वीग्वासच म्हणतात. मात्र झाड हे सजीव नाम आणि सोललेली साल निर्जीव, म्हणून अनेक झाडांना वीग्वासग, तर सालीच्या अनेक तुकड्यांना वीग्वासन असे वेगळे अनेकवचन होते. आपल्या पोथ्यांचे भूर्जपत्र देणारा हिमालयातील वृक्ष याच कुळातला.

साल काढण्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा असतो. जूनच्या उत्तरार्धात झाडात रस भरलेला असताना खोडावर उभी चीर दिली, की साल अलगद सुटते. आधी तंबाखूची चिमूट वाहायची, मग सुरी लावायची, अशी रीत आहे. आणि चीर बाहेरच्या थरापुरतीच ठेवली, तर झाड जगते.

या सालीपासून मकक, म्हणजे सालीचा डबा बनवतात. शेकून मऊ केलेली साल दुमडायची, टोच्याने भोके पाडायची आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची उभी चिरून भिजवलेली मुळे ओवून कडा शिवायच्या. या मुळांना वदब म्हणतात. होडीचे, म्हणजे जीमानचे काम याहून कठीण असते. तिच्यात सालीची पांढरी बाजू आत येते, हे पाहणाऱ्याला उलटेच वाटते. सांधे बुजवायला राळेत चरबी आणि कोळशाची पूड मिसळतात.

होडीजोगी रुंद, निर्दोष साल देणारी जुनी झाडे आता विरळ झाली आहेत. सगळा दोष हवामानावर टाकणे मात्र बरोबर नाही: भूर्जाचे रोप मोकळ्या, उन्हाच्या जागी रुजते आणि वणवे रोखल्यामुळे अशा जागा कमी झाल्या. तरीही या झाडाची मुळे उथळ असतात. तापलेली माती आणि दुष्काळ त्यांना सोसत नाही, आणि अशक्त झालेल्या झाडात भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली बोगदे पोखरतात.

1837 आणि 1842 च्या करारांत अमेरिकेच्या सरकारला जमीन देताना ओजिब्वेंनी तेथे शिकार करण्याचे व वनोपज गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. 1837 च्या करारातील हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्यही केले. पण ते हक्क नकाशावरील ठरावीक प्रदेशापुरतेच आहेत, आणि भूर्जाला मानवणारे थंड हवामान उत्तरेकडे सरकत चालले आहे.