चहाबरोबरची खारी आणि नळीतलं दूध

नमस्कार, श्रोतेहो.

लालबागमधल्या एका छोट्या लॅबमध्ये गेली २६ वर्षं मी लोकांचं रक्त तपासते आहे. सकाळी सातला शटर वर जातं, तेव्हा उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असते. घेतलेलं रक्त आधी गोठू द्यायचं, मग नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची. लाल भाग तळाशी बसतो आणि वर फिकट पिवळं, निवळ सीरम उरतं. एकदा एका काकांची नळी बाहेर काढली, तर वर चक्क दूध. पांढरं, गढूळ, पलीकडचं काही दिसेना.

"काका, रात्री किती वाजता जेवलात?"

"नातवाचा वाढदिवस होता, ताई. साडेअकराला पावभाजी खाल्ली. पण सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही हो."

नळीत दिसत होतं ते त्या पावभाजीवरचं बटर.

मिसळीच्या रश्शावर तर्री कशी तरंगते, आठवा. तेल पाण्यात मिसळत नाही, आणि रक्त तर बरंचसं पाणीच. रक्तात अशी तर्री जमली तर जगणं मुश्कील होईल. म्हणून शरीर चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्या करतं, त्यांना वरून प्रथिनांचं वेष्टन चढवतं आणि मगच रक्तात सोडतं. या गोळ्या म्हणजे लायपोप्रोटीन. जेवणातून आलेल्या चरबीच्या गोळ्या सगळ्यांत मोठ्या असतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात, आणि सीरम दुधाळ होतं ते त्यांच्यामुळे. जेवल्यावर तीन-चार तासांनी त्या सर्वाधिक असतात, दहा-बारा तासांत बहुतेकांच्या रक्तातून निघून जातात. लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीसाठी, बारा तासांचा उपास सांगतात तो यासाठी.

काकांना दोन दिवसांनी परत बोलावलं. या वेळी सीरम निवळ होतं, पण एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात ते, बरंच चढलेलं. काका हिरमुसले. "अंडं सोडलं, तूप सोडलं. सून फोडणीचं तेलसुद्धा चमच्यानं मोजते. मग हे वाढलं कुठून?"

"सकाळी चहाबरोबर काय घेता?"

"खारी. चार. संध्याकाळी परत चार. हलकी असते ना ती!"

श्रोतेहो, हा "हलकी" शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो ऐकला की पोटात खड्डा पडतो. खारी हातात घेतली तर वजन लागत नाही, हे खरं. पण तिचे पापुद्रे सुटतात कशामुळे? मैद्याच्या घडीघडीत घट्ट चरबी लाटलेली असते म्हणून. आजच संध्याकाळी एक खारी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून बघा. उचललीत की खाली तेलकट डाग दिसेल, त्यातून मागच्या पानावरची अक्षरं वाचता येतील.

आता एलडीएल. ही गोळी कोलेस्ट्रॉल घेऊन शरीरभर फिरते. तिला रक्तातून उचलून घेण्याचं मुख्य काम लिव्हरचं. लिव्हरच्या पेशींवर त्यासाठी खास जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे पाकिटावर 'सॅच्युरेटेड फॅट' म्हणून छापलेली, जास्त खाल्ली की हे रिसेप्टर मंदावतात. एलडीएल उचललंच जात नाही, रक्तात साठत राहतं. पुढे तेच रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं.

वनस्पती तुपाच्या काळात खारीत याहून वाईट गोष्ट असायची, ती म्हणजे ट्रान्स फॅट, तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या चरबीचा आहार देऊन पाहिलं. ट्रान्स फॅटनं एलडीएल वाढलं आणि वर एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉलही घटलं. आपल्याकडे २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. हे फार चांगलं झालं. पण त्या जागी बहुतेकदा पाम तेलाचा घट्ट भाग आला, आणि तो संपृक्तच. म्हणून पाकिटावर ट्रान्स फॅट शून्य वाचून निश्चिंत होऊ नका, त्याच्या वरची ओळही वाचा.

"कोलेस्ट्रॉल-फ्री" ही अक्षरं बघून तेलाची पिशवी उचलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल मुळातच नसतं. खोबरेल तेलातही नसतं, तरी त्यातली सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त असते आणि ते एलडीएल वाढवतं. मी स्वतः मालवणची, हे सांगताना मला बरं वाटत नाही. वाटपातलं ओलं खोबरं बेतानं चालेल. रोजचा स्वयंपाक मात्र शेंगदाणा, करडई, मोहरी अशा तेलांत करा. संपृक्त चरबीच्या जागी ही तेलं आली की एलडीएल उतरतं.

अंड्याच्या बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्ट्रॉल असतं. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपण घरचंच बनवतो, त्यामुळे बहुतेकांच्या एलडीएलवर बलकाचा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी होतो. काकांनी अंडं सोडलं आणि खारी धरली. सौदा उलटा झाला. चमचाभर तुपाचंही तसंच. त्यात तीनेक ग्रॅम संपृक्त चरबी असते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यानं जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साधारण २२ ग्रॅमच्या आत राहायचं आहे. वरणभातावरच्या तुपाला त्यात जागा आहे, खारी, बटर आणि फरसाण यांच्यासकट मात्र नाही.

तेल-तूप पार बंद करून मैदा, साखर, साबुदाणा वाढवणाऱ्यांचे रिपोर्टही मी बघते. त्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, चढतात आणि एचडीएल खाली येतं. त्यापेक्षा डाळी, चवळी, भाज्या वाढवा. त्यांतला विरघळणारा तंतू एलडीएल थोडं खाली आणतो.

काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच फार जास्त असतं. तिथे नुसतं पथ्य पुरत नाही, औषधाची गोळी लागतेच. कुणाचीही चालू गोळी माझं बोलणं ऐकून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काका दोन महिन्यांनी आले. खिशात कागदाची पुडी होती. "खारी सुटली, ताई. आता चहाबरोबर फुटाणे." एलडीएल खरोखरच उतरलं होतं, एचडीएल मात्र होतं तिथेच. त्यांनी रिपोर्टाची घडी घातली आणि पुडीतले चार फुटाणे माझ्या हातावर ठेवले.