मावशींचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय डुकरांच्या शेडातल्या विषाणूंविषयी. आफ्रिकन स्वाइन फीवरचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. १९२१ साली केनियातून त्याचं पहिलं वर्णन आलं. शंभर वर्षं उलटली, तरी आजारी डुकराला बरं करणारं औषध नाही. मग रोग दाराबाहेर ठेवायचा कसा? आधी धुवायचं, मग जंतुनाशक. पुन्हा सांगतो, आधी धुवायचं, मग जंतुनाशक.

हे मला शिकवलं एका मावशींनी. मला पशुवैद्यक होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. एका फार्मवर गेलो, दारातल्या फूटबाथमध्ये, म्हणजे पाय बुडवायच्या जंतुनाशकाच्या टाकीत, गमबूट घालून चांगली दोन मिनिटं उभा राहिलो आणि ऐटीत आत निघालो. शेड धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, पाय वर करा बघू." मी घोड्यासारखा पाय वर केला. त्यांनी केसातला आकडा काढला, तळव्याच्या खाचेत घातला आणि वाळलेल्या घाणीचा एक गोळा उचकटून काढला. बोटांनी फोडला. वरून ओला, आत कोरडा ठक्क!

"तुमचं औषध आत पोचलंच नाही की."

मग त्यांनी तो नाकाजवळ धरून नीट पाहिला. "आणि यात लाकडाचा भुसा आहे. आमच्याकडं नुसती फरशी. हे कुठनं आणलंत?"

सकाळी दुसऱ्या फार्मवर गेलो होतो. तिथं भुसा अंथरलेला होता. मी काय बोलणार?

जंतुनाशक घाणीशीच झुंजत बसतं, विषाणूपर्यंत पोचायला त्याच्यात जोर उरत नाही. म्हणून साबणपाणी, ब्रश, खळखळून धुणं, निथळू देणं आणि मग औषध. तेही टेकवून उपयोग नाही, हायपोक्लोराइटला, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाला, अर्धा तास द्यावा लागतो. फूटबाथचं पाणी गढूळ झालं की ओतून द्या. उग्र वास आला की आपल्याला वाटतं, झालं स्वच्छ. माझं विचाराल तर या औषधांना वासच नको होता. घरातल्या फिनाइललाही नको. लोकांनी मुकाट्यानं ब्रश हातात घेतला असता. पण ब्रशची जाहिरात कोण करतो?

बाकीचं थोडक्यात. नवी डुकरं निदान ३० दिवस वेगळी ठेवा. खरकटं घालूच नका, कारण हा विषाणू मांसात महिनोन्‌महिने टिकतो. जनावरं नेणारी गाडी कुंपणाबाहेरच थांबवा. आणि पाहुण्याला, तो डॉक्टर असला तरी, तुमच्याच फार्मवरचे गमबूट द्या.

मावशींच्या फार्मवर माझ्यासाठी एक जोड दाराशी ठेवलेला असतो. एक नंबर लहान आहे. अंगठा चेपतो, पण मोठा मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही.