पांढरी पाटी आणि भाड्याची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यात गाडीची ओळख तिच्या पाटीच्या रंगावरून पटते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर गाडी खासगी, पिवळ्या पाटीवर काळी असली तर टॅक्सी किंवा मालवाहू, आणि काळ्या पाटीवर पिवळी असली तर पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विम्याचा कागदही त्याच पाटीप्रमाणे चालतो, हे मात्र मोठ्यांनाही बहुधा अपघातानंतरच उमगते.

पेडण्याच्या आमच्या भावोजींना ते असेच उमगले. एका डिसेंबरात मोरजीला उतरलेल्या दिल्लीच्या जोडप्याला कुठेच गाडी मिळेना, आणि भावोजींची पांढऱ्या पाटीची गाडी तर अंगणात उभीच होती. त्यांनी दोन दिवसांसाठी 3000 रुपये घेतले आणि किल्ली दिली. दुसऱ्या संध्याकाळी गाडी एका मोरीच्या कठड्यावर आदळली. माणसे सुखरूप राहिली. बोनेट, रेडिएटर आणि डावा दिवा मात्र कामातून गेला.

विमा कंपनीचे सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारे, गॅरेजमध्ये आले तेव्हा मीही तिथे होतो. त्यांनी आधी विचारले, "गाडी कोण चालवत होते?" भावोजी म्हणाले, "पाहुणे." "नात्यातले?" भावोजींनी माझ्याकडे पाहिले आणि मी टायरकडे पाहिले. मग आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, शोधण्यासाठी सर्वेअरनी डॅशबोर्डचा खण उघडला, तर हाताला वहीचे फाडलेले पान लागले. त्यावर भावोजींच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: "दिवस 2. मिळाले 3000. पेट्रोल अर्धी टाकी, परत देताना तेवढेच." (हिशेब कागदावरच ठेवावा, मोबाइलवर नव्हे, या मताचा मी आजही आहे, भावोजी मात्र आता त्या मताचे राहिलेले नाहीत.) सर्वेअरनी ते पान दोनदा वाचले, घडी घालून फायलीत ठेवले आणि शांतपणे विचारले, "पाहुण्यांकडून पेट्रोल मोजून घेता?"

खासगी विम्याच्या कागदावर 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो, तो इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि गोव्यात तो मराठी-कोकणीतही का छापत नाहीत, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर या विम्यात बसत नाही, असे त्यात म्हटलेले असते. पुन्हा सांगतो: भाडे घेतले की तो वापर खासगी राहत नाही. डॉक्टर आपल्या गाडीने दवाखान्यात गेले तर अडचण नाही. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायला त्याच गाडीतून नारळाची पोती नेली, तर तो मालवाहतुकीचा वापर ठरतो आणि तोही या विम्यात बसत नाही.

टॅक्सी दिवसभर धावते आणि अनोळखी माणसे नेते, म्हणून तिच्या विम्याचा हप्ता मोठा असतो. 1 जून 2022 पासूनच्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता वर्षाला 3416 रुपये होता. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीचा 7940 रुपये आणि त्यावर दर प्रवाशामागे 978 रुपये. हा फरक वाचवण्यासाठी पांढऱ्या पाटीवर भाडे मारणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रस्त्यावरचा माणूस जखमी झाला, तर अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण विमा कंपनीला भरपाई द्यायला लावू शकते आणि तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला देऊ शकते.

भावोजींच्या कंपनीने आधी संपूर्ण क्लेम फेटाळला. खासगी गाडी भाड्याने दिली एवढ्याच कारणावरून सगळा दावा नाकारता येत नाही, तडजोडीने काही रक्कम द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. तो जोडून आम्ही पत्रे लिहिली. आठ महिन्यांनी 84 हजारांच्या दुरुस्तीपैकी निम्म्याहून थोडे कमी पैसे हाती आले. वहीचे पान मात्र कंपनीच्या फायलीतच राहिले.